मागच्या सीटवरचं डोकं

हेमराजच्या गोष्टीतला रोही, म्हणजे रानातली नीलगाय, दर आठवड्याला थोडा मोठा होत होता. पोळ्याच्या सुमारास, अपघात ताजा होता तेव्हा, तो नुसता रोही होता. दसऱ्यापर्यंत तो घोड्याएवढा झाला. दिवाळीनंतर तर गिऱ्हाइकांना सांगताना हेमराज हात डोक्यावर नेऊन त्याची शिंगंही दाखवायला लागला.

"एकदम आडवा आला गा! मी ब्रेक दाबला, गाडी घसरली अन् डोस्कं असं आदळलं डांबरावर!" मग तो काउंटरमागच्या खिळ्यावरचं हेल्मेट काढायचा आणि त्यावरच्या लांबलचक ओरखड्यावरून बोट फिरवायचा. "हे नसतं तं आज भिंतीवर माया फोटो असता."

गिऱ्हाईक जिभेनं च् च् करायचं. कुणी कुणी हेल्मेटला हात लावून कपाळाला लावायचं.

जाम गावच्या चौकापासून थोडं आत हेमराजचं किराणा दुकान होतं आणि दुकानाच्या मागेच घर. मधे एक दार, दाराला पडदा. पडद्यामागे त्याची बायको छाया बसलेली असायची आणि तिच्या कानावर प्रत्येक शब्द पडायचा. त्या गोष्टीत रोही होता, ब्रेक होता, डांबर होतं, हेल्मेट होतं, देवाची कृपाही होती. गाडीवर मागे एक बाई बसलेली होती, हे मात्र त्यात कधीच येत नव्हतं.

आणि रोही तर नव्हताच.

त्या दिवशी हिंगणघाटला हेमराजच्या मामेबहिणीकडे साखरपुडा होता. परत येताना, भर दुपारी, दोघं रस्त्याकडेच्या टपरीवर चहाला थांबली. हेमराजनं गाडी साइड स्टँडवर लावली. चहा संपता संपता व्यापाऱ्याचा फोन आला. तो बोलतच उठला, हेल्मेट घातलं, फोन हेल्मेटच्या आत कानाशी खुपसला आणि गाडीला किक मारली. छाया एका बाजूला पाय सोडून मागे बसली. मांडीवर लाडवांचा डबा होता. गाडी जुनी, स्टँड खाली राहिलं तर आपणहून बंद पडणाऱ्या नव्या गाड्यांसारखी नव्हती. पुढच्या डाव्या वळणावर गाडी झुकली तसा खालून खर्रकन आवाज आला.

"अहो, स्टँड!" ती ओरडली.

हेमराज साखरेच्या पोत्यांचं बोलत होता. पुन्हा एकदा स्टँड रस्त्याला अडलं, गाडी उसळली, आणि त्यानंतरचं छायाला आठवतं ते फक्त पांढरंफटक आभाळ.

हेमराजचा गुडघा सोलला. छायाचं डोकं मागच्या बाजूनं डांबरावर आपटलं. घरात हेल्मेट एकच होतं. तिनं उन्हाळ्यात एकदा म्हटलं होतं, मलेबी एक आणा. तेव्हा तो हसला होता. "मागच्यावाल्याले कोन पकडते? अन् तुया अंबाड्यावर ते बसन काय?"

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात ती आठवडाभर होती. मागचे केस काढून टाके घातले. घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती ओट्यापाशी उभी असताना सासू, देवकाबाई, ओरडत आत आल्या. "अवो, दूध करपून राह्यलं ना! काय करून राह्यली?" छायानं खाली पाहिलं. भांड्याच्या तळाशी काळा थर धरला होता, धूर निघत होता, आणि तिला काहीच जाणवलं नव्हतं. तिनं हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. मग रॉकेलची बाटली. मग न धुतलेल्या कपड्यांत तोंड खुपसलं. कशालाच काही नव्हतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोकं असं आदळलं की नाकातून मेंदूकडे जाणारे बारीक तंतू तुटतात. कुणाचे पुन्हा जुळतात, कुणाचे नाही. वाट पाहायची.

टाके लोकांना दिसतात. गेलेला वास दिसत नाही. शेजारपाजारच्या बाया हसत म्हणाल्या, "बरंच झालं बाई, नालीचा वास तं नाई येत आता!" छायाही पहिल्या दोन-तीन वेळा हसली. मग तिनं हसणं सोडलं.

कारण दुकानात तिचा मसाला विकला जायचा. धणे, दगडफूल, तेजपान, जावित्री, खसखस, खोबरं, सगळं ती वेगवेगळं भाजायची. कोणता जिन्नस कधी उतरवायचा, हे तिचं नाक सांगायचं. तळेगावहून, समुद्रपूरहून माणसं तिचा मसाला न्यायची. अपघातानंतरचा पहिला घाणा तिनं रंगावर विसंबून भाजला, आणि खोबरं कडू गेलं. चार गिऱ्हाइकांनी पुड्या परत आणून काउंटरवर ठेवल्या. हेमराजनं पडदा सारून आत डोकं घातलं.

"ध्यान कुठं असते तुयं?"

तेवढंच म्हणाला आणि गेला. छायाच्या हातात उलथनं होतं. तिनं ते कढईत आपटलं. उरलेलं भाजलेलं खोबरं अंगणात नेऊन उकिरड्यावर फेकलं.

त्या संध्याकाळी तिनं त्याला सरळ विचारलं. "तुमी लोकाइले रोही काऊन सांगता? स्टँड राह्यलतं ना खाली?"

हेमराज टीव्हीकडे पाहत होता. त्यानं मान वळवली नाही. "तुले डोस्क्याले मार लागला होता छाया. तुले काय आठवते?"

हे तिला सगळ्यात जास्त लागलं. डोकं त्याच्यामुळे फुटलं होतं आणि आता त्या फुटलेल्या डोक्यावर विश्वास ठेवायचा नाही, असंही तोच म्हणत होता. तिनं सासूजवळ बोलून पाहिलं. देवकाबाई म्हणाल्या, "असन वं बाई. पन आता लोकाइले सांगून का भेटते? माणसाची जात, शरमते." दसऱ्याला गाडीची पूजा केली तेव्हा याच देवकाबाईंनी हेल्मेटलाही हळदकुंकू लावलं होतं आणि पोराला वाचवलंस म्हणून त्याच्यापुढे नारळ फोडला होता.

जानेवारीत व्यापारी मंडळाचे अध्यक्ष नत्थूजी घरी आले. रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम ठेवला होता, चौकाजवळच्या मैदानात. पोलीस साहेब येणार, शाळेची पोरं येणार. ज्याचा जीव हेल्मेटनं वाचला अशा गावातल्या माणसाचा सत्कार करायचा होता.

"हेमराजभाऊशिवाय दुसरं नावच नाई," नत्थूजी चहा पिता पिता म्हणाले. "अन् वहिनी, तुमालेबी स्टेजवर या लागते. तुमी याईले ओवाळाचं अन् आपल्या हातानं हेल्मेट घालून द्याचं. बाईनं नवऱ्याची काळजी घ्याची, असा संदेश गेला पाह्यजे."

"अन् माया डोस्क्याचा संदेश?" छायानं विचारलं.

नत्थूजी हसले. त्यांना ती थट्टाच वाटली. हेमराजला ती थट्टा नाही हे कळलं, पण तोही हसला.

कार्यक्रमाच्या दिवशी छाया चांगलं पातळ नेसून, ताट हातात घेऊन दारात आली. हेमराजनं गाडी काढली, आरशात पाहून हेल्मेट घातलं आणि पट्टा खटकन लावला. "बस."

ती बसली. एका हातात ताट, ताटात निरांजन, कुंकू, धूप; दुसरा हात सीटच्या कडीला. डोक्यावर फक्त पदर. रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमाला ती दोघं अशी निघाली. महामार्गाच्या कडेनं ट्रक घोंघावत जात होते आणि प्रत्येक ट्रकाच्या वाऱ्यानं तिचा पदर उडत होता. घरापासून मैदान लांब नव्हतं. चालत का नाही आलो, बसलोच कशाला, आपण अजून बसतोच कशा, असं ती स्वतःलाच विचारत राहिली.

मंडपासमोर लोकांनी वाटेल तशा गाड्या लावल्या होत्या. काही अर्ध्या रस्त्यावर होत्या. "गाड्या बाजूला घ्या, रस्ता मोकळा करा," असं माइकवरून कुणीतरी पुन्हा पुन्हा सांगत होतं आणि कुणी उठत नव्हतं. हेमराजनंही गाडी तिथंच, दोन गाड्यांच्या मधे, तिरपी घुसवली.

पोलीस साहेबांचं भाषण झालं. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, कायदाच आहे, असं ते म्हणाले, पण मंडपात चहा वाटणं सुरू होतं. मग नत्थूजींनी हेमराजला शाल दिली, नारळ दिला आणि माइक दिला. हेमराजनं सुरुवात केली. आज रोह्यानं कमाल केली. तो एकटा नव्हता, त्याच्यामागे आणखी दोन होते. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"आता वहिनी!" नत्थूजी म्हणाले.

छाया निरांजन आणि धूप पेटवून ताट घेऊन पुढे आली. टेबलावर मंडळानं भेट दिलेलं नवं, लाल, चकचकीत हेल्मेट ठेवलं होतं. एकच. फोटोवाला पुढे सरसावला. हेमराजनं मान थोडी खाली केली, हार घालून घ्यायच्या वेळी करतात तशी.

त्या वाकवलेल्या मानेकडे पाहिलं आणि तिचं सगळं ठरून गेलं. तिनं ताट टेबलावर ठेवलं आणि नत्थूजींच्या हातातला माइक काढून घेतला.

"रोही नव्हता," ती म्हणाली.

शब्द कर्ण्यांतून चौकभर गेले. तिला स्वतःलाच तो आवाज परका वाटला.

"काय म्हटलं वहिनी?" नत्थूजी अजून हसतच होते.

"रोही नव्हता म्हटलं. एकबी नव्हता अन् तीनबी नव्हते. गाडीचं स्टँड खाली राह्यलतं. याईच्या कानात फोन होता. मी मागून ओरडली, याईले ऐकू नाई गेलं. अन् मी पडली. मी! मागं मी बसली होती. कोनाले माईत आहे का अठी?"

कुणाच्या तरी हातातला कप खाली पडला.

"छाया," हेमराज दातांतून म्हणाला, "बस झालं."

"कायले बस? तुमी पाच मयने सांगून राह्यले. मले पाच मिंटं बोलू द्या." तिनं ताटातला धूप उचलून नाकाशी नेला, इतका जवळ की पहिल्या रांगेतली बाई उठून उभी राहिली. "हा धूप जळून राह्यला ना? तुमाले सगळ्याइले वास येऊन राह्यला ना? मले नाई येत. दूध करपलं तं मले समजत नाई. घरात गॅस सुटला तं सगळ्यात पह्यले मीच मरीन. याईचं डोस्कं वाचलं, चांगलं झालं, हजार वर्षं राहो. त्याची पूजा झाली, सत्कार झाला. आता हे दुसरं हेल्मेटबी याईच्याच डोस्क्यावर मीच घालून द्याचं? मंग गाडीवर बसून मी घरी कशी जाऊ? अशीच? बोडखी?"

मागच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याच्या शेजारच्या बाईनं त्याला कोपर मारलं, ते छायाला स्टेजवरून दिसलं. पोलीस साहेब खुर्चीतून पुढे झुकले. "काय हो, स्टँड खाली होतं का?"

हेमराजच्या अंगावरची शाल एका खांद्यावरून घसरली होती. "साहेब, ते... घाईत... आता कसं सांगू."

छायानं माइक टेबलावर ठेवला. लाल हेल्मेटला तिनं हातही लावला नाही. पायऱ्या उतरून ती मंडपाबाहेर आली, तिरप्या लावलेल्या गाड्यांच्या मधून वाट काढत, साडीचा काठ एका गाडीच्या स्टँडला अडकला तो हिसडून सोडवत. मागून एक अनोळखी बाई धावत आली. छायाला वाटलं, ही आता समजूत घालणार. पण ती बाई धापा टाकत म्हणाली, "ताई, बायकांच्या डोस्क्याले होईन असं भेटते का जी ते? मले पायजे होतं."

"माईत नाई," छाया म्हणाली. "पाहा लागन."

ती पायी घरी गेली.

देवकाबाईंच्या कानावर बातमी तिच्या आधी पोचली होती. "चौकात नवऱ्याची इज्जत काढली वं तू! माया पोराची!"

"तुमच्या पोरानं मायं डोस्कं फोडलं मा," छाया म्हणाली. "त्याचं तुमाले काई नाई?"

देवकाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या आत गेल्या.

हेमराज दुपार टळल्यावर आला. नारळ कोपऱ्यात फेकला, शाल खाटेवर. मुलगी हर्षा कॉलेजातून येऊन जेवत होती, ती घास हातात धरून बसली.

"सगळ्याइसमोर सांगाची का गरज होती?"

"घरात सांगतलं होतं. तवा माया डोस्क्याले मार लागला होता."

"मी का मुद्दाम केलं?" तो ओरडला. "मुद्दाम पाडलं मी तुले?"

"नाई. पाडलं मुद्दाम नाई. पन खोटं तं मुद्दाम बोलले ना? रोज बोलले. दिवसातून चार-चार खेपा बोलले. मी पडद्यामागं बसून ऐकत होती. एक खेप तरी म्हणाचं होतं, मायी बायको मागं होती, तिले लय लागलं. एवढंबी तुमच्यानं झालं नाई."

मग हर्षा म्हणाली, हळूच, "बाबा, मी तं रोज तुमच्याच मागं बसून स्टँडवर जाते. बसच्या स्टँडवर."

त्यानं पोरीकडे पाहिलं. मग तो दुकानात जाऊन बसला. त्या संध्याकाळी पडद्यापलीकडून तराजूचा आवाज येत होता, बोलण्याचा नाही.

माफी त्यानं मागितली नाही. दुसऱ्या दिवशी महामार्गाच्या कडेला दोरीवर टांगून विकतात त्यातलं एक हेल्मेट आणून ओट्यावर ठेवलं. "घे. झालं?"

छायानं ते उचललं. दोन्ही तळव्यांत धरून दाबलं. ते टरबुजाच्या सालीसारखं आत दबलं आणि करकरलं. आत बोटभर स्पंजाचा तुकडा, तोही डिंकानं चिकटवलेला. मागचं आयएसआय शिक्क्याचं स्टिकर नखानं उकरलं तर अख्खं निघून हातात आलं.

तिचा राग कालच्या दिवशी संपला असं ज्याला वाटलं असेल त्यानं तिला आत्ता पाहायला हवं होतं. तिनं ते हेल्मेट दुकानात नेलं, गिऱ्हाइकांच्या देखत काउंटरवर पालथं घातलं आणि त्यावर दोन किलोचं वजन आपटलं. हेल्मेटला उभी चीर गेली.

"हे मले, अन् चांगलं तुमाले," ती म्हणाली. "म्हणजे अजून तुमाले समजलंच नाई."

गिऱ्हाईक साबण न घेताच गेलं.

रविवारी ती हर्षाला घेऊन बसनं वर्ध्याला गेली. सिंदी मेघेच्या वाटेवरच्या दुकानातल्या पोऱ्यानं विचारलं, "साहेबाची साइज काय काकू?"

"साहेबाची नाई. मायी."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग कपाळाभोवती फीत धरून माप घेतलं. हर्षाचंही घेतलं. अंबाड्याऐवजी खाली वेणी घातली की नीट बसतं, हे हर्षाच्या लक्षात आलं. आरशात छायाला आपले फक्त डोळे दिसले. टाक्यांच्या वणावर आतलं अस्तर दाबून बसलं तेव्हा एक कळ आली, आणि मग नाही आली. दोन्ही हेल्मेटं हातात घेऊन त्या परतीच्या बसमध्ये बसल्या. कंडक्टर म्हणाला, "गाडी कुठं विसरल्या?" हर्षा खूप हसली. छाया नाही.

फेब्रुवारीत डॉक्टरांकडे पुन्हा जायचं होतं. हेमराज सकाळी अंगणात आला आणि म्हणाला, "मी नेतो." ती आत जाऊन हेल्मेट घालून आली. त्यानं आपला फोन काढून तिच्या पिशवीत टाकला आणि तो गाडीवर बसला. ती दोन्ही बाजूंना पाय टाकून, पंजाबी ड्रेसवर, मागे बसली. देवकाबाई दारातून पाहत राहिल्या.

डॉक्टरांनी कापसाचे बोळे एकेक करून तिच्या नाकाशी धरले. लवंग, कॉफी, निलगिरी. तिनं प्रत्येक वेळी नाही म्हणून मान हलवली. आणखी काही महिने पाहू, ते म्हणाले. पण फार आशा धरू नका, हेही म्हणाले. हेमराज शेजारच्या खुर्चीत होता. आजवरच्या भेटींना तो बाहेर गाडीपाशी थांबायचा.

परत येताना त्यानं सेलूकाटे गावाच्या अलीकडे रस्त्यापासून चांगली आत, कडूलिंबाच्या झाडाखाली गाडी थांबवली. मोठ्या स्टँडवर लावली. हेल्मेट काढून हातात धरून तो सावलीच्या बाहेर उभा राहिला.

"कशाचाच नाई येत?" त्यानं विचारलं. "मंजे... काईच नाई?"

सहा महिन्यांत त्यानं हे पहिल्यांदा विचारलं होतं. छायाला आधी वाटलं, सांगूच नये. मग तिनं सांगायला सुरुवात केली. वरण आणि गरम पाणी सारखंच लागतं. हर्षाच्या केसांना वास नाही. पावसानं भिजलेलं अंगण नुसतं ओलं असतं. सकाळी उठल्यावर घर आपलं वाटत नाही, कुणाच्या तरी घरी पाहुणे आल्यासारखं वाटतं. सांगता सांगता तिचा आवाज चढला. तिला पुन्हा सगळं आठवलं, उलथनं, पुड्या, "ध्यान कुठं असते तुयं", आणि ती झाडाखाली उभी राहून त्याला ओरडून ओरडून बोलू लागली. जाणाऱ्या गाड्या हळू होऊन पाहत होत्या.

तिचं बोलणं संपेपर्यंत हेमराज तसाच उन्हात ऐकत उभा राहिला.